पाण्यात बसलेल्या चाळीस जणांच्या मागण्या

प्रिय चिटणीस,

आणि पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या, मुलांनी 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून कुठे ना कुठे नेऊन ठेवलेल्या माझ्या सर्व बंधूंनो आणि भगिनींनो! (हे पत्र तू संघाच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवणार हे गृहीत धरून लिहितो आहे. चष्मा लावून वाच. मागच्या पत्रातली अख्खी दोन पानं तू गाळलीस, असं माझ्या कानावर आलं आहे.) आपलं दुःख एकच आहे. ज्यांच्या सायकलीमागे आपण धावलो, ती मुलं आज रस्ता ओलांडताना आपल्या दंडाला धरतात. मीठ किती खायचं, झोपायचं कुठल्या खोलीत आणि राहायचं कुठल्या देशात, हे सगळं आपल्या गैरहजेरीत ठरतं आणि आपल्याला फक्त कळवलं जातं. खात्यातला सर्वांत उर्मट साहेबसुद्धा बदलीचा कागद हातात देत असे. इथे कागदही नाही! थेट विमान!

असो. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? दोघांना माझा नमस्कार. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त आवाज नुसता पडून आहे. वापरात नसलेल्या व्हॉल्व्हचं काय होतं हे तुला सांगायला नको.

तुझं पत्र वाचलं आणि रक्त उसळलं. कोषाध्यक्ष वार्षिक सभेत नियम अकरा काढणार! म्हणे, लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहणाऱ्याचं पद रिकामं होतं. हा नियम मीच लिहिला होता आणि तो त्याच्यासाठी लिहिला होता, हे तो सोयीने विसरला. ऐक. अठरा तारखेला माझं आणि सौ.चं परतीचं विमान आहे आणि पंचवीसला सभा. बावीस वर्षं ज्या खुर्चीवरून मी अन्यायाविरुद्ध बोललो, तिच्यावर तोपर्यंत कुणीही बसता कामा नये. टेकूसुद्धा नये. तो ठराव फेटाळला गेलाच पाहिजे!

आता इथली हकिकत. आमच्या जावईबापूंचं घर पाचव्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून समुद्राची एक बोटभर पट्टी दिसते. जावयाच्या घरी माणसाचा आवाज आपोआप निम्मा होतो, त्यातून हा जावई कमालीचा सज्जन. मी वादाला तोंड उघडलं की तो "बरोबर आहे, बाबा" म्हणतो आणि आंघोळीला जातो. बरोबर आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला आजवर कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही (आणि मी पुस्तकं कमी वाचलेली नाहीत, त्यातली चार अजून तुझ्याकडे आहेत). लेकीने फ्रिजवर सूचनांचा कागद लावला आहे. कचऱ्याचे डबे चार, प्रत्येकाचा रंग वेगळा, प्रत्येकाचा वार वेगळा. पहिल्याच आठवड्यात मी केळ्याचं साल चुकीच्या डब्यात टाकलं, तर शेजारचे आजोबा ते दारात परत आणून देऊन गेले. हसतमुखाने! शिवी दिली असती तर निदान ओळख झाली असती.

दिवसभर घरात बसून मी पोळ्यांच्या जाडीवरसुद्धा मत देऊ लागलो, तेव्हा लेकीने नकाशा हातात ठेवला. "बाबा, या गावाला सात किनारे आहेत. रोज एक बघून या." मी निघालो. पहिल्या किनाऱ्यावर वाळूत दोन झेंडे रोवले होते आणि त्या दोहोंच्या मधेच पोहायचं, असा हुकूम होता. नजर पोचेल तिथवर समुद्र आणि नागरिकाच्या वाट्याला तीस पावलं! मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मुद्दाम झेंड्याच्या बाहेर उभा राहिलो. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. मी म्हटलं, हे कुंपण कुणी घातलं? तो म्हणाला, "ओढ आहे." मी म्हटलं, कुणाची? तेवढ्यात पायाखालची वाळू सरकली आणि उत्तर मिळालं. दुसऱ्या किनाऱ्याने माझा डावा बूट नेला. तिसऱ्यावर कुत्री फिरवायची मुभा होती. कुत्री शिस्तीत चालत होती, बाजूला व्हायला तीनदा मलाच सांगण्यात आलं.

(या सगळ्या काळात सौ. रोज सकाळी सहाला एक पिशवी घेऊन फिरायला जात असे आणि साडेआठला परत येऊन चार पोळ्या खात असे. तिकडे दोन खायची. हवापालट मानवला असेल, असं मी समजलो.)

चौथ्या किनाऱ्यावर मात्र मी जागीच थिजलो. किनाऱ्यापासून बऱ्याच आत, पाण्यात, चाळीसेक माणसं बसली होती. सगळ्यांच्या अंगात काळे कपडे. सगळ्यांची शहराकडे पाठ. बोलणं नाही, हलणं नाही, नुसती क्षितिजाकडे नजर लावून बसलेली. चिटणीस, तुला काय आठवलं असतं? आपलं टाकीतलं आंदोलन! (नव्या सभासदांसाठी सांगतो: रोजंदारीवरच्या माणसांना कायम करा म्हणून आम्ही एकोणीस जण शहराच्या पिण्याच्या टाकीत गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात मागण्यांबद्दल चकार शब्द नव्हता. होती ती आमच्या पायांच्या स्वच्छतेबद्दलची वाचकांची पत्रं. शेवटी आम्हाला रबरी बूट मंजूर झाले.)

मी तीन दिवस लांबून पाहणी केली. समुद्र तेवढे दिवस अगदी सपाट होता. काय ती शिस्त! फलक नव्हते, ओले होतील म्हणून आणले नसतील. पोलिसांचा बंदोबस्त नव्हता. सरकारने दखलच घेतलेली नसणार. सगळ्यांत खटकलं ते हे, की यांच्यात बोलणारा कुणी नव्हता. चाळीस माणसं काळे कपडे घालून गार पाण्यात बसतात आणि एकालाही भाषण करावंसं वाटत नाही! नेतृत्वाचा असा दुष्काळ मी पाहिलेला नाही.

चौथ्या दिवशी इथल्या दगडी पावाने माझी दाढ तोडली आणि लेकीने मला दंतवैद्य बाईंकडे नेलं. बाई साठीच्या, केस ओले, कोपऱ्यात काळा पोशाख निथळत टांगलेला. मी लगेच ओळखलं. म्हटलं, तुम्ही त्या पाण्यात बसणाऱ्यांपैकी ना? त्या हसून हो म्हणाल्या. किती वर्षं? "एकवीस." एकवीस वर्षं, चिटणीस! मी विचारलं, इतक्या वर्षांत पदरात काही पडलं का? बाई म्हणाल्या, "कधी कधी. बहुतेक दिवशी काहीच नाही. पण उद्या परत जायचं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढची रणनीती सांगणार, तोच त्यांनी माझ्या तोंडात कापूस, नळी आणि दोन बोटं घातली आणि पाऊण तास माझं तोंड सताड उघडं असून मला एक अक्षर बोलता आलं नाही. (ही युक्ती कोषाध्यक्षाला कळू देऊ नकोस.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीच्या लग्नातला काळा कोट घातला, किनाऱ्याच्या टोकाच्या खडकावर चढलो आणि बोलायला उभा राहिलो. मी इंग्रजीत सुरुवात केली, पण भावना तापल्यावर मराठी आपोआप आली. म्हटलं, मित्रहो, सत्तेकडे पाठ फिरवलीत हे ठीक, पण पाठीला तोंड नसतं! आधी मागण्या लेखी द्या! कृती समिती नेमा! पंधरा मिनिटं मी जीव तोडून बोललो. एक मान वळली नाही. आणि मग, मी "उठा!" म्हणून हात वर केला आणि त्याच क्षणी ते चाळीसच्या चाळीस जण गर्रकन माझ्याकडे वळले, पालथे झाले आणि दोन्ही हातांनी पाणी मारत माझ्या दिशेने सुटले! आयुष्यात मी असा प्रतिसाद पाहिला नाही. आपल्याकडे "उठा" म्हटल्यावर माणसं चहाला उठतात.

त्यांच्या मागून हिरवी भिंत उचलली जात होती हे मला उशिरा दिसलं. तिच्या माथ्यावर काही जण, इतका वेळ अंगाखाली पाण्यात दडलेल्या फळ्यांवर, ताडकन उभे राहिले आणि माझ्या समोरून सूं करत गेले. बाकीचे तसेच मागे वळून पुन्हा जागेवर जाऊन बसले. आंदोलन नव्हतं, चिटणीस. मागणी नव्हती. ती सगळी शहाणीसुरती माणसं, त्यांत दंतवैद्य, बसचालक, नळ दुरुस्त करणारे आपलेच जातभाई, रोज दोन-दोन तास एका लाटेसाठी बसतात, आणि ती मिळाली की पाच सेकंद घसरून परत येऊन बसतात!

मी या आळशीपणाचा निषेध करायला तोंड उघडणार, तोच शेवटचा एक काळा आकार निळ्या फळीवर पोटावर पडून, फेसाबरोबर उड्या खात माझ्या खडकाशी आला. उठून उभा राहिला. तोंडावरचे ओले केस मागे सारले आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "अहो, खाली उतरा. शेवाळ आहे तिथे, पडाल."

मी पडलो.

मला सौ.ने आणि दंतवैद्य बाईंनी त्याच निळ्या फळीवर आडवा टाकून बाहेर आणला. हो, सौ.ने. तुझ्या वहिनीने. सात आठवडे ती बाईंकडून शिकत होती. वाळूवर बसून मी कोट पिळत विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे? पिशवी तर रोज तुमच्या नाकासमोरून नेत होते." मी म्हटलं, या वयात? ती म्हणाली, "टाकीत उतरलात तेव्हा तुम्हाला वय विचारलं होतं का मी? टॉवेल घेऊन उभी होते." आणि मग अगदी शांतपणे, केस पुसत पुसत, तिने तो बॉम्ब टाकला. "अठराला तुम्ही जा. मी नाही येणार. सभा तुमची आहे."

घरी आणीबाणीची बैठक झाली. मी दीड तास बोललो. कर्तव्य, मातृभूमी, संघ, बावीस वर्षांची खुर्ची, काही सोडलं नाही. सौ. एकच बोलली. "मी छत्तीस वर्षं पहिल्या रांगेत बसले. तुमचं भाषण कुठे चढणार, कुठे तुम्ही पाणी पिणार, टाळी कधी वाजवायची, सगळं मला पाठ आहे. इथे पुढची लाट कशी येईल ते मला माहीत नसतं. मला ते आवडतं." लेकीने अनुमोदन दिलं. जावईबापू "दोघांचंही बरोबर आहे" म्हणून आंघोळीला गेले. ठराव मंजूर.

म्हणून, मित्रा, मी एकटा येतो आहे. आणि एकटा येणाऱ्या माणसाला घरी निदान त्याची खुर्ची तरी जागेवर असायला हवी. ती राख. सगळ्यांना माझा लढाऊ नमस्कार सांग आणि वहिनींना मीठ कमी करायला सांग.

तुझा,
अध्यक्ष (अद्याप)

ता. क. कट्ट्यावर इथपर्यंतच वाच. पुढचं तुझ्यासाठी आहे. त्या लोकांची शिस्त आतून पोकळ आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करण्यासाठी मी गेला आठवडाभर पाण्यात जाऊन बसतो आहे. (जावयाचा काळा पोशाख. तो चढवायला तीन माणसं लागतात.) पोकळी सापडली नाही. अध्यक्ष नाही, नियमावली नाही, आणि तरी भांडण नाही. लाट जिथे उठते तिथे जो सर्वांत जवळ असेल त्याची ती लाट. बाकीच्यांनी सोडायची. उपसूचना नाही, हरकतीचा मुद्दा नाही. परवा मी फळीवर तीन सेकंद उभाही राहिलो. (भावजी, गुडघ्यांवर. आणि एकच सेकंद. पण दोन तास एक शब्द बोलले नाहीत, हे खरं आहे. — तुमची वहिनी.)

ता. क. दुसरा. ती पोळ्या लाटायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. आज सकाळी एक मोठी लाट आली. मी हात मारायला सुरुवात केली होती. डावीकडे पाहिलं तर सौ. होती, माझ्यापेक्षा चार हात जवळ. लाट तिची होती. मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मधेच थांबलो, चिटणीस, आणि ती पुढे गेली. मागून लाटेवरचा माणूस दिसत नाही, नुसती पाण्याची पाठ दिसते. मला वाटलं पडली. मग खूप लांब, पाण्याच्या वर, तिचं डोकं दिसलं आणि डोक्याच्या वर एक हात. ती उभी होती. सभागृहात मी तिला इतकी वर्षं समोर बसलेली पाहिली, पण ती उभी राहिलेली पाहायला मला मागे बसावं लागलं. अठराचं माझं तिकीटही जावयाला रद्द करायला सांगितलं आहे. तो "बरोबर आहे, बाबा" म्हणाला, आणि या वेळी मला राग आला नाही.

तेव्हा आता एकच काम कर. पंचवीसला कोषाध्यक्ष नियम अकरा वाचायला उभा राहील. कुणी उठायच्या आत तू ऊठ, गुडघ्याची सबब सांगू नकोस, आणि त्याच्या ठरावाला खणखणीत आवाजात अनुमोदन दे.