कोपर माझं आहे

आई,

मी फिजिओथेरपीला गोंदियाला चालले आहे. नागऱ्याचे हाड बसवणारे जियालाल मामा दुपारी माझा हात चोळायला येणार आहेत, हे तू सांगितलं नाहीस, मोनूने सांगितलं. त्यांना चहा दे, चिवडा दे. माझा हात मिळणार नाही.

"कायले जातेस व रोज-रोज? मामा एका झटक्यात मोकळा करून देतेत," असं तू म्हणतेस. मागच्या रविवारी तो झटका देऊन झाला. मोनूच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मी आधीही मोजलं होतं आणि नंतरही. कोपर आता पंधरा अंश कमी वाकतं आणि सूज उतरलेली नाही. प्लास्टर निघाल्यावर कोपर जोराने चोळलं, तर स्नायूत हाड तयार होऊन हात कायमचा अडकू शकतो. मामांना हे सांगायला तुला जड जात असेल, तर ही चिठ्ठी दाखव. त्याच दुखऱ्या उजव्या हाताने लिहिली आहे.

तू घाबरली आहेस, हे मला कळतं. स्कूटी घसरली त्या दिवसापासून तू मला घास भरवतेस, पण कोपराकडे बघत नाहीस.

रात्री जेवायला घरीच आहे. माझं ताट वाढ, पण भात कालवू नकोस आणि चमचा ठेवू नकोस. हात तोंडापासून अजून वीतभर लांब राहतो. तेवढी मी ताटावर वाकेन. भात सांडेल, सांडू दे. तू समोर बसून तुझं जेव.

टीना