स्वातीच्या सातव्या महिन्यातलं ग्रहण

२१ फेब्रु. २०२६, शनि.
सूनबाईला सातवा लागला. पिंपळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके छान. देवापुढे साखर ठेवली. मग कॅलेंडर उलटलं. ३ मार्च, धुळवड, चंद्रग्रहण. पान परत फेब्रुवारीवर आणलं.

२२ फेब्रु.
स्वातीला सांगायला तोंड उघडेना. २०२२ च्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं, ती संध्याकाळी बाहेर गेली. आठ दिवसांत पोटातलं बाळ गेलं. मी चारचौघांत बोलले, "तुझ्याच पायानं गेलं." गेली होती कुठे? माझ्याच बीपीच्या गोळ्या आणायला.

२५ फेब्रु.
तिनेच विषय काढला. शाळेत विज्ञान शिकवते ना. "आई, वर्षात ग्रहणं कमीत कमी चार, कधी सातसुद्धा. सूर्याचं अमावास्येला, चंद्राचं पौर्णिमेला. दर सहा महिन्यांनी मोसमच येतो त्यांचा. नऊ महिन्यांत एखादा मोसम गाठतोच. ग्रहण न लागता कुठलंच बाळ जन्माला येत नाही."
म्हटलं, "आपल्याकडे दिसतं तेच पाळतात."
"चंद्राला काय आपलं सायखेडं माहीत आहे?" हसली. माझ्यासमोर कितीतरी दिवसांनी.

१ मार्च
९५ ची दिवाळी आठवली. सकाळचं सूर्यग्रहण, प्रमोद पोटात. सासूबाईंनी अंधाऱ्या खोलीत बसवलेलं, पाणी बंद. घसा सुकला तशी चोरून दोन भांडी प्यायले. कुणाला कधी बोलले नाही. प्रमोद आज कांद्याची गोणी एकटा उचलतो. स्वत: पाणी प्यायले आणि पोरीला मात्र...

३ मार्च, मंगळ.
वेध पाळले नाहीत. दुपारी तिला गरम वरणभात वाढला. पावणेसातला दोघी गच्चीवर. तांबूस, धुरकट चंद्र. कड खाल्लेली की माझे डोळे अधू, कळेना. दोन-चार मिनिटांत सुटला.
तिथेच बोलले. "स्वाती, ते तुझ्यामुळे नव्हतं गेलं. मी चुकले." पाण्याचंही सांगितलं.
ती चंद्र चांगला वर येईपर्यंत उभी राहिली. मीही. देवा, बोलायची बुद्धी दिलीस, उपकार.

५ मार्च
त्यावर तिचा अजून एक शब्द नाही. मी विचारलं नाही, विचारणार नाही.
आज चहा देताना म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन ऑगस्टला दुपारनंतर सूर्यग्रहण आहे. आपल्याकडून दिसेल, थोडंसं. बाळ चालायला लागलेलं असेल. तुम्ही घ्याल ना त्याला अंगणात?"
घेईन म्हटलं.
चहा गोड झाला होता. मला साखर चालत नाही. सगळा प्यायले.