समुद्राला उंबऱ्याबाहेर ठेवल्याची बातमी

ताईस,

साष्टांग नमस्कार. दाजींनाही वाकून नमस्कार (हल्ली दुकानात मी दिवसभर वाकलेलाच असतो, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत). तुझे गुडघे कसे आहेत? टेकडीवरची हवा मानवली असेलच. आता हे पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखव, आणि वाचताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. आपण जिंकलो!

अमावास्येच्या उधाणात अख्खी गल्ली पाण्यात गेली, पण बाबांच्या सलूनमध्ये थेंब आला नाही. थेंब! दाजी बंदरावर भरतीची उंची मोजायचे तेव्हापासून घोकतायत की समुद्र दरवर्षी चढतोय, चढलेला उतरायचा नाही, दुकान विका आणि वर या. मी म्हटलं, समुद्र चढतोय तर आपणही चढू. म्हणून पुन्हा (तिसऱ्यांदा) भराव घालून जमीन चांगली हातभर उचलली. गवंडी म्हणाला, ‘शेठ, छताचं काय?’ मी म्हटलं, छताला कुठे पाणी लागतंय? (हे तोऱ्यात म्हटलं होतं. आता डोकं आपटलं की आठवतं.) पंखा काढावा लागला. आरसा भिंतीत पक्का बसवलेला, त्यामुळे खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला त्यात स्वतःचं पोट तेवढं दिसतं. बायको म्हणाली, बसला धंदा! कसला बसतोय? डोकंच दिसत नाही म्हटल्यावर केस कसे कापले याबद्दल एकाची तक्रार नाही. सगळे पोटावर हात फिरवून ‘झकास’ म्हणतात आणि जातात.

तर उधाण आलं. समोरचा इस्त्रीवाला, ज्याने माझ्या दुकानाला ‘माळा’ असं नाव ठेवलं होतं, तोच लोकांचे कपडे डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून माझ्या दारात हजर. मागोमाग सगळी गल्ली. मी म्हटलं, या, या, माळ्यावर या! दाटीवाटीने, माना खाली घालून उभे राहिले सगळे. आणि ताई, खाली घातलेली मान दिसली की न्हाव्याचा हात स्वस्थ बसतो का? ओहोटी लागेपर्यंत एकेकाची भादरली. इस्त्रीवाल्याची तर दाढीसुद्धा केली, न विचारता. पाणी उंबऱ्याला टेकून मागे फिरलं तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या गं! बाबा असते तर पाठ थोपटली असती. मला अगदी भरून आलं. दाजींना सांग, बाबांची खुर्ची जिथे होती तिथेच आहे आणि तिथेच राहणार.

तुझा विजयी भाऊ

ता. क. तिथेच, म्हणजे थोडी वर.

दुसरा ता. क. पाणी उंबऱ्याला टेकलं, म्हणजे अगदी वरच्या काठाला. आणखी एकदा भराव घातला तर गिऱ्हाइकांना रांगत यावं लागेल, आणि मला आडवं पडून कात्री चालवावी लागेल.

तिसरा ता. क. (हा दाजींना वाचून दाखवू नकोस.) तुमच्या टेकडीवर न्हावी आहे का गं? असला तर म्हातारा आहे का? सहज विचारतोय.