कडेच्या पेशी

प्रिय ताई,

काल तुझा फोन ठेवला आणि दिवसभर प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींची फिल्म बघत बसलो. दिवसभरात त्या जेवढ्या सरकतात, तेवढं आम्हाला मिनिटभरात दिसतं. बारीक तंतूंचं जाळं आणि त्यात निळसर ठिपके. गाठीतली एखादी पेशी आधी नुसती थरथरते. मग पुढचा तंतू धरते, ओढून सरळ करते आणि त्याच वाटेने निघते. मागच्या तिला चिकटून येतात. बघता बघता मला गुंगी येते. वाटतं, पाण्याखालून कुणी गाव सोडून चाललंय, आवाज न करता.

ती पहिली का निघते, एवढंच मी बारा वर्षं शोधतोय. तिला अडवलं तर मागच्या जागीच राहतात. अजून पुरतं जमलेलं नाही. तू मात्र शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता गिऱ्हाइकांना सांगतेस, "आमचा ढापण्या कॅन्सरला वेसण घालतोय!" मी लाजतो, पण खोडून काढत नाही.

आई गेली तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस, मी नऊ. दवाखान्यातून तू एकटी आलीस, माझ्या शर्टाचं बटण लावत बसलीस आणि म्हणालीस, "झोपलीय ती." दोन दिवस मी घरात पाय न वाजवता चाललो. खरं कळल्यावर महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. आज वाटतं, तुझ्याही तोंडून ते निघालं नसेल.

ताई, ऑपरेशननंतर तुझा रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी आधी मला दाखवला. "मीच सांगतो तिला," म्हणालो. आणि तुला सांगितलं, सगळं निघालं, आता मजेत राहा. गाठ निघाली हे खरं. पण तिच्या कडेच्या पेशी बाहेर निघालेल्या दिसल्या. काल तू हसत म्हणालीस, सोमवारची तपासणी रद्द केली, उगाच कशाला खेटे घालायचे, आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. तपासणी मी पुन्हा ठरवलीय. उपचार आहेत, अजून वेळ गेलेली नाही. हे पत्र पोस्टात टाकत नाही, दाराखालून सरकवतोय. वाचून होईपर्यंत मी बाहेर जिन्यातच उभा आहे. शिव्या घालायच्या असतील तर दार उघडून घाल.

तुझाच,
ढापण्या