बहिऱ्या जागांची वही

अण्णा, तुमची वही अखेर माझ्या टेबलावर आली, तीही तिच्या पर्समधून. आपल्या वीज कंपनीच्या परळच्या कंट्रोल रूममध्ये तुम्ही वायरलेसच्या कामात तयार केलेली ती भोईवाड्याची मुलगी आता तिथली प्रमुख आहे. केस पिकलेत, पण मनात मी तिला अजून मुलगीच म्हणते. बाई म्हटलं तर तिचं मोठेपण मान्य करावं लागेल.

झालंय असं, की आमच्या वीज कंपनीसारख्या अत्यावश्यक सेवांना ब्रॉडबँडसाठी रेडिओ लहरींचा स्वतःचा पट्टा द्यायचा, की त्यांनी मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यावरच भागवायचं, याचे नियम ठरताहेत. कंपनीचं म्हणणं लिहायचं काम दादरच्या ऑफिसात माझ्याकडे आलं. वीज गेली की काही वेळाने मोबाईलचे टॉवरही मान टाकतात, आणि नेमकं तेव्हाच आमच्या माणसांना एकमेकांशी बोलायचं असतं. म्हणून स्वतःचा पट्टा हवा, आणि कुठे काय पोचत नाही याचा पुरावाही हवा. लालबागमधलं एखादं तळघर, ठाकूरद्वारच्या वाडीतला एखादा बोळ, जिथे जिथे तुमचा सेट गप्प व्हायचा ती प्रत्येक जागा तुम्ही या वहीत टिपून ठेवलेली. बहिऱ्या जागा म्हणायचात तुम्ही त्यांना.

वही उघडली आणि मी पानं उलटत गेले. अर्ध्या पानांवर तुमचं अक्षर, पुढे तिचं. तिच्या पानांवरच्या तारखा तुमच्या निवृत्तीनंतरच्या, सगळे रविवार. रविवारी तुम्ही देवळात जातो म्हणून बाहेर पडायचात ना, अण्णा?

"साहेब आणि मी फिरायचो ना," ती म्हणाली. "माझी आई दोघांचा डबा द्यायची. मी सेट घेऊन आत, साहेब बाहेर. दहा-दहा वेळा बोलायला लावायचे, पण एकदाही ओरडले नाहीत हां."

एकदाही नाही! सातवीत असताना मी तुमच्या टेबलावरच्या सेटचं बटण दाबलं, तर चार माणसांसमोर केवढे ओरडलात. "हात काढ. मुलींचं काम नाय ते." पुढे पाच-सहा वर्षांत तुम्ही मुलगीच शिकवायला घेतलीत, फक्त दुसऱ्याची. जळले मी, अण्णा. पन्नाशी उलटलेल्या बाईने असं लिहू नये, पण जळले.

निघताना ती म्हणाली, "खाली आमची दोघांची नावं टाका हं. नोंदी कोणी घेतल्या, ते विचारतात." मी मान डोलावली.

काल मसुदा पूर्ण झाला. नोंदींखाली फक्त तुमचं नाव आहे. वरिष्ठांना सांगितलं, हे माझ्या वडिलांचं काम. ते "वा!" म्हणाले आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. उद्या कागद जाणार. एक नाव वाढवायला मिनिटही लागत नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते: तुम्ही असतात तर आधी तिचं नाव घालायला लावलं असतंत, आणि म्हणूनच माझा हात जात नाहीये.