कोरम नसताना झालेला अध्यक्ष

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. तुमचा रक्तदाब आणि वहिनींचा राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी ठणठणीत. तुमची बहीणही ठणठणीत आहे, फक्त सध्या ती तळमजल्यावर राहते. त्याचं असं झालं.

आमच्या सोसायटीची लिफ्ट उन्हाळ्यापासून बंद आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे (मागच्या खेपेला तिसऱ्या मजल्यावर बसकण मारून तुम्ही चौथ्यावरून पाणी मागवलं होतंत). हिच्या गुडघ्यांमुळे खाली जायचं म्हणजे परगावी जायची तयारी. आणि आमचे अध्यक्ष कोण, तर तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. त्यांना लिफ्टची घाई कशाला असेल? त्यांची राज्य करायची रीतही साधी. पुरेशी माणसं नाहीत म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची. त्यानंतर भरणाऱ्या सभेला कोरम लागत नाही. तेवढ्यात लोक चहाला म्हणून घरी जातात ते टीव्हीसमोरच बसतात, आणि इकडे हेडमास्तर आपली कमिटी बिनविरोध निवडून आणतात.

या वेळी मी कंबर कसली. घरोघरी लोकांच्या हातापाया पडलो आणि चहाचं पातेलंच पार्किंगमध्ये आणून ठेवलं, म्हणजे कुणाला घरी जायला निमित्त नको. हीसुद्धा कठड्याला धरून, पायरीपायरीला माझा उद्धार करत खाली उतरली. लोक बसून राहिले. भराभर हात वर झाले आणि कमिटी पडली. दादा, मला भरून आलं. मी छोटंसं भाषणही केलं (हेडमास्तरांनी त्यातलं एक वाक्य सुधारलं).

मग नवी कमिटी निवडायची वेळ आली. त्याबरोबर दंतवैद्याला पेशंट आठवला, वकिलाचं पोट दुखू लागलं, आणि निम्म्या इमारतीचं दूध एकदमच उतू जायला लागलं. कोरम तुटला. हेडमास्तरांनी (नियम म्हणजे नियम) सभा तहकूब केली. पुन्हा भरली तेव्हा ते, त्यांची बायको, मी आणि तुमची बहीण एवढेच उरलो होतो. त्यांनी माझं नाव सुचवलं, हिनं अनुमोदन दिलं. मी अध्यक्ष झालो. सचिव आणि खजिनदारही मीच आहे.

तेव्हापासून लिफ्टवाला 'उद्या येतो' म्हणतो आणि मी विश्वास ठेवतो. हिनं मात्र लिफ्ट सुरू झाल्याशिवाय एक पायरी चढणार नाही असं जाहीर केलं आणि हेडमास्तरांकडे मुक्काम ठोकला. त्यांच्या बायकोशी तिची गट्टी जमली आहे. मी संध्याकाळी जातो, पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेला बसतो, आणि एकटाच वर येतो. घर खायला उठतं, दादा.

आपला,
पदाधिकारी मेहुणा

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की तुम्ही येऊन तिला दोन शब्द समजावून सांगा. तुमचं ती ऐकते.

ता. क. २ : येऊ नका. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात काल खालून नोटीस आली. माझ्यावर अविश्वासाचा ठराव आहे. सूचक तुमची बहीण, अनुमोदक हेडमास्तर, आणि अध्यक्षपदाला उमेदवार पुन्हा तुमची बहीणच. आज सकाळी तिनं लिफ्टवाल्याला फोनवर झापलं, तो दुपारी हत्यारं घेऊन हजर. लिफ्ट सुरू झाली, तरी ही वर यायला तयार नाही. म्हणते, आधी खुर्ची सोडा. राजीनामा मंजूर करायला कमिटीचा कोरम लागतो, आणि कमिटीत मी एकटाच. तेव्हा बायको घरी यावी म्हणून मी माझ्याच विरुद्ध दारोदार मतं मागत फिरतोय. लोक म्हणतात, "छे हो, तुमचं छान चाललंय की."