तुझी सायकल मला उंच पडते

प्रिय वंदना,

मी दुसरी सायकल घेतली. हे तुझ्या नवऱ्याला सांगायची माझी छाती झाली नाही आणि काल जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही. म्हणून तुला लिहितेय. खारघरला कॉलेजच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर तू असतीस तर डबा उघडतानाच सांगून मोकळी झाले असते. आता त्या टेबलावर प्रिंटर ठेवलाय.

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावोजी आमच्या दारात उभे. लिफ्टमध्ये मावेना म्हणून तुझी सायकल मागच्या चाकावर उभी करून आणलेली. "ताई, ही तुमी चालवा," म्हणाले. "घरात हाय तर सारखी नजर जाते." हँडलला तुझी रेनकोटची पिशवी तशीच बांधलेली होती. अशा माणसाला नको कसं म्हणायचं गं?

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. भाजीवाल्यानं न मागितलेली मेथी पिशवीत टाकली तरी मी पैसे देऊन घरी आणते. भीड भिकेची बहीण, असं तू मला किती वेळा ऐकवलंस! मी सायकल आत घेतली, चहा केला, आणि भावोजी गेल्यावर पॅसेजमध्ये तिच्याकडे बघत बसले.

पण वंदना, तुझी सायकल मला उंच पडते. सीट आधीच पार तळाला होती, आणखी खाली जाईना. मला वाटलं, भावोजींनीच माझ्यासाठी उतरवली असेल. तरी पाय काही टेकेना. टाच सोड, अंगठासुद्धा जमिनीला लागायचा नाही, आणि थांबायचं म्हटलं की एका कुशीवर कलंडायला व्हायचं.

कळंबोलीच्या सिग्नलला एकदा खरंच कलंडले. शेजारी ट्रेलर उभा होता. त्याच्या चाकाची उंची मी आडवी पडून पाहिली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मौसी, छोटी सायकल ले लो!" कोपर सोलवटलं होतं, ओढणी चेनमध्ये गेली होती, आणि रडू आलं ते मात्र तुझ्या नावानं आलं. त्या दिवसानंतर मी तिला हात लावला नाही.

आपलं काय ठरलं होतं? आधी चिरनेर, तुझ्या सासरी. तिथे जेवायचं, दुपारची झोप काढायची आणि परत यायचं. ते जमलं की मग करंजाहून लाँचमध्ये सायकली टाकून रेवसला उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं मुरुडपर्यंत जायचं. तुझी सायकल आधी आली. मी मात्र वर्षभर नुसती चौकशी करत राहिले. मला ऑफिसला नेता येईल अशी हवी होती. चेनला कव्हर, चिखल उडू नये म्हणून मडगार्ड, डब्यासाठी कॅरिअर, आणि भाजी घेताना उभी करायला स्टँड. तू कपाळाला हात लावायचीस. "अगं, लांबच्या प्रवासाला निघालीस की मंडईत?" मी म्हणायचे, दोन्हीकडे. वर्षातून चार दिवस मुरुड, बाकी रोज खारघर. मुरुडसाठी घेतलेली सायकल खारघरला चालली नाही तर तिच्यावर कपडे वाळत घालू का?

शेवटी गेल्या महिन्यात एकटीच दुकानात गेले. कुणाला बरोबर न्यायचं, सांग! नवऱ्याला म्हटलं तर शिरीष म्हणाले, "तुझी तू बघ, मला त्यातलं काही कळत नाही." दुकानदारानं पहिल्यांदा किंमत नाही विचारली, रंग नाही विचारला. सायकलच्या मधल्या दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभं राहायला लावलं. "मॅडम, पाय पूर्ण टेकून वर जागा उरली पाहिजे. आधी माप, मग बाकी सगळं." एवढी साधी गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नव्हती.

मग सुरू झालं. लोखंडी की ॲल्युमिनियमची? डिस्क ब्रेक की साधे? टायर बारीक की रुंद? त्यानं पाच-सहा सायकली ओळीनं उभ्या केल्या आणि माझं डोकं बधिर झालं. मी खरोखर फोन काढला तुला लावायला. नाव समोर आलं आणि मग कळलं. दुकानदार विचारत होता, "कोणाला विचारायचंय का?" मी म्हटलं, नाही, कोणी नाही.

घेतली एकदाची. लोखंडी, जरा जड, पण ओझं लादलं तरी निमूट चालते. ब्रेक साधे घेतले, कारण वाटेत बिघडले तर चिरनेरच्या पंक्चरवाल्यालाही लावता आले पाहिजेत. टायर मधले, खड्ड्यांना पुरणारे. मागे पिशव्या अडकवायला कॅरिअर, मडगार्ड, आणि हो, स्टँडसुद्धा लावून घेतला. हस तू. पाय टेकतात माझे. सिग्नलला मी आता माणसासारखी उभी राहते.

पण घरी कशी आणू? भावोजी आपल्याच सोसायटीत, खालून येता-जाता त्यांना दिसणार. म्हणून सायकल जुन्या पनवेलला आईच्या अंगणात ठेवली. रोज सकाळी चालत माहेरी जायचं, तिथून सायकल काढायची, संध्याकाळी परत तिथे लावायची. भावोजींच्या कंपनीची बस द्रोणागिरीला जाते आणि मी उलट्या दिशेला खारघरला, त्यामुळे निभावलं. आईनं पहिल्या दिवशी विचारलं, "चोरीची नाही ना गं?" आता म्हणते, "लेक सायकलसाठी माहेरी येते, आईसाठी नाही." पन्नाशीला आलेली बाई मी, आणि सायकल लपवतेय!

आणि भावोजी दर रविवारी येतात. हातात पायानं मारायचा पंप. "हवा बगतो जरा," एवढंच म्हणतात. पॅसेजमध्ये तुझ्या सायकलजवळ उकिडवे बसतात, अंगठ्यानं टायर दाबतात. टायर टणक. न चालवलेल्या सायकलची हवा एका आठवड्यात कितीशी जाणार? तरी पंप लावतात, दोन-चार वेळा पाय मारतात. मग फडक्यानं दांडा पुसतात. चहा उभ्यानंच घेतात. मी विचारते, जेवण झालं का, ते म्हणतात, झालं. मला माहीत असतं, झालेलं नसतं. दर रविवारी ठरवायचे, आज सांगून टाकायचं. दर रविवारी ते टायर दाबून बघायचे आणि मी चहा टाकायला आत जायचे.

काल त्यांनी पंप जमिनीवर ठेवला आणि लावलाच नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुमी ही चालवत नाय."

मी म्हटलं, "चालवते की. परवाच..."

"हवा भरायचा व्हॉल्व्ह मी खाली आनून ठेवतो, पंप लावायला बरा पडतो म्हनून. दर आयतवारी येतो तर तिथंच असतो. चाक फिरलंच नाय." मग म्हणाले, "मला लई दिवसांपासून माईत हाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी काहीबाही बोलत सुटले, ट्रेलरचं सांगितलं, आईच्या अंगणातली सायकल सांगितली, माफी मागितली. ते सगळं ऐकून घेत होते. मग सीटवर हात ठेवून म्हणाले, "उंच होते ना? तिला पन व्हायची. मीच घेतली व्हती. दुकानात एवढीच उरलेली, सस्त्यात मिळाली. मला काय माईत माप असतं? ती कदी बोलली नाय. ती गेल्यावर बगितलं, तर सीट पार तळाला."

वंदना! मला भीड भिकेची बहीण सांगणारी तू! मला तर सांगितलं होतंस की अगदी मापाची आहे, पंखासारखी चालते. आणि मी वेडी समजत होते की प्रत्येक सिग्नलला दुभाजकाला पाय लावून उभं राहणं ही तुझी ऐट आहे. कशाला गं? नवऱ्यानं हौसेनं आणली म्हणून? एकदा बोलली असतीस तर त्यांनी त्याच दिवशी बदलून आणली असती. आता ते त्या सीटवर हात ठेवून उभे आहेत आणि तुला विचारायला कुणीकडे जाणार?

मी म्हटलं, "भावोजी, मग ही न्या परत. नाहीतर एखाद्या उंच मुलीला देऊन टाकू."

त्यांनी मान हलवली. "राऊ द्या तुमच्याकडं. घरी नेली तर हवा कोनासाठी भरू? इथं यायला निमित्त तरी हाय."

नवऱ्याला, लेकीला, कुणाला म्हणून मी हे सांगितलेलं नाही. काय सांगू? मला त्यांचं काहीच करता येत नाही. जेवायला बसा म्हटलं तर बसत नाहीत, मुलाकडे जा म्हटलं तर ऐकत नाहीत. तुला परत आणता येत नाही. दिवाळीनंतर मी चिरनेरला जाणार आहे, एकटीच, आणि तिथे तुझ्या सासूबाई दारात येऊन माझ्या मागे रस्त्याकडे बघतील तेव्हा काय करायचं, तेही मला ठाऊक नाही.

काल ते निघाले तेव्हा सवयीनं पुन्हा टायर दाबला. टणकच होता. पंप तसाच हातात घेऊन लिफ्टकडे वळले.

एक वचन देते, तेवढंच माझ्या हातात आहे. दर शनिवारी संध्याकाळी, दिवाबत्ती झाली की मी पॅसेजमध्ये जाऊन दोन्ही व्हॉल्व्हच्या पिना नखानं दाबीन आणि तुझ्या सायकलची हवा चांगली अर्ध्यावर आणून ठेवीन.

तुझीच,
नीता